लकवा, किडनी आणि संशोधनाचा कागद

घरातल्या माणसाला लकवा मारला किंवा किडनी बिघडून क्रिएटिनिन वाढलं म्हणून तुम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलेलं असतं. कुणी यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात जातो, कुणी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला, उमरखेड-महागावकडचे लोक नांदेडला. भरती झाल्यावर कधीकधी एक तरुण डॉक्टर खाटेजवळ येतो. त्याच्या हातात आठ-दहा पानं असतात आणि तो विचारतो, "आमचा एक अभ्यास सुरू आहे, तुमच्या पेशंटला त्यात घेऊ का?" काही नातेवाईक 'डॉक्टरसाहेब म्हणतात ना' एवढ्यावर सही करून मोकळे होतात. काहींना 'आमच्या माणसावर प्रयोग नको' एवढंच सुचतं. दोघांनीही कागद वाचलेला नसतो.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांनी वैद्यकीय संशोधनात भाग घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मात्र प्रश्न विचारून घ्यावा, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक शेवटपर्यंत आपल्या हातात ठेवून घ्यावा. ज्या भागातली माणसं अभ्यासात येत नाहीत, त्या भागाला दुसरीकडच्या माणसांवर मिळालेल्या उत्तरांवर भागवावं लागतं, आणि ती उत्तरं आपल्याला लागू पडतीलच असं नसतं.

गावाचा आजार कागदावर येतो तेव्हा

लकवा हा शहरातल्या, सुखवस्तू, बैठं काम करणाऱ्यांचा आजार आहे असा समज बराच काळ होता. खेड्यातली माणसं तापानं, हगवणीनं, क्षयानं जातात असं धरूनच आरोग्ययंत्रणा आखलेली होती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत झालेल्या सगळ्या मृत्यूंची त्यांनी नोंद घेतली. शेवटच्या दिवसांत काय लक्षणं होती हे घरोघरी जाऊन विचारलं आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवलं. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं झालेले होते, म्हणजे १४.३ टक्के. दुसऱ्या कुठल्याही एका कारणानं एवढी माणसं गेली नव्हती. त्यातली ८७ टक्के माणसं घरीच गेली. २०१५मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि खेड्यातल्या लकव्याकडे पाहण्याची नजर बदलली.

यात कुणावर नवं औषध वापरलं नव्हतं, कुणाला सुई टोचली नव्हती. शोकात असलेल्या घरांनी एका अनोळखी माणसाला बसवून घेतलं आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली. संशोधन म्हणजे दरवेळी नव्या गोळीचा प्रयोग नसतो, हे इथे लक्षात घ्यावं. मेडिकल कॉलेजात एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी तो पेशंटची फाईल पाहतो, चार प्रश्न विचारतो, तपासणीचे आकडे लिहून घेतो. खाटेजवळ येणारा कागद बऱ्याचदा अशाच अभ्यासाचा असतो आणि त्यात जोखीम फार कमी असते. नव्या औषधाची किंवा उपचाराची चाचणी, जिला आपण 'ट्रायल' म्हणतो, ती वेगळी. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही फक्त माहिती घेणार आहात, की उपचारात काही बदलणार आहात?

आपल्या जिल्ह्यातले किडनीचे प्रश्न

यवतमाळला किडनीचे स्वतःचे प्रश्न आहेत, आणि त्यातले काही अजून सुटलेले नाहीत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम चालतं. शरीरातलं फ्लोराइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातं, त्यामुळे किडनी कमजोर झाली की ते अंगात साचतं. फ्लोराइडमुळेच किडनी निकामी होते, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. घरात किडनीचा पेशंट असेल तर गावातल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा. पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. त्यांना शुगर नव्हती, बीपीही नव्हतं. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात शेतकऱ्यांमध्ये असाच आजार दिसला. नेमकं कारण कुठलं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ऊन, अंगातलं पाणी आटणं, कीटकनाशकं, पाण्यातले क्षार या सगळ्यांकडे संशय आहे. मध्य अमेरिकेतल्या ऊसमळ्यांवर पाणी, सावली आणि ठरावीक वेळानं विश्रांती एवढंच नेमानं द्यायला सुरुवात केल्यावर मजुरांच्या किडनीला होणारी इजा कमी झाली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि बांधकामावरचे किंवा नांगरटीतले लोक दुपारीही थांबत नाहीत. पाणी, सावली आणि विश्रांती ही कारण पूर्ण कळेपर्यंत वाट न बघता देता येण्यासारखी गोष्ट आहे.

कीटकनाशकांबद्दल इथे वेगळं सांगायला नको. २०१७मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जणांना भरती करावं लागलं. अशा फवारणीचा किडनीवर वर्षानुवर्षांनी काय परिणाम होतो, याचा अभ्यास जगभर सुरू आहे.

एक कारण मात्र पक्कं ठाऊक आहे, आणि ते प्रत्येक मेडिकल दुकानात मिळतं. डवरणी, फवारणी, वेचणी करून अंग मोडून येतं. मग डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी रोजची होते. अंगात पाणी कमी असताना घेतलेली ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. आधीच बीपी किंवा शुगर असेल तर धोका आणखी वाढतो. गुडघ्यांसाठी वर्षभर अशी गोळी चालू असलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि डॉक्टरनं विचारल्याशिवाय ती हे सांगत नाहीत. संशोधनाच्या कागदावर 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना असतो. त्यात दुकानातून आणलेली पेनकिलर, वैदूचा काढा, भस्म, सगळं लिहा. काही भस्मांत शिसं किंवा पारा असतो आणि तो किडनीला बाधतो.

दोन आजार एकाच पेशंटमध्ये

लकवा आणि किडनी यांचा काय संबंध, असं विचाराल तर उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. मेंदू आणि किडनी दोघांनाही सतत भरपूर रक्त लागतं, आणि रक्ताचा दाब वाढला की त्यांच्या बारीक वाहिन्यांना त्याचा मार बसतो. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ६०च्या खाली गेली तर लकव्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढतो, असं २०१०मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. म्हणून लकव्याच्या पेशंटचं क्रिएटिनिन तपासायचं, आणि किडनीच्या पेशंटचं बीपी दर भेटीत मोजायचं.

असं असूनही औषधांच्या बऱ्याच मोठ्या चाचण्यांत किडनी फार खराब झालेल्या पेशंटना घेत नाहीत. याचा परिणाम काय होतो, ते मिठाच्या एका चाचणीवरून कळतं. चीनच्या खेड्यांत ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१मध्ये आले. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ दिलं, अर्ध्या गावांना सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं. लोक बहुतेक साठीच्या पुढचे होते. कुणाला आधी लकवा झालेला होता, कुणाचं बीपी वाढलेलं होतं. सुमारे पाच वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की बदललेल्या मिठाच्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. निष्कर्ष मोठा आहे आणि खेड्यांसाठी मोलाचा आहे. पण ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या घरात कुणाला गंभीर किडनीविकार होता, त्यांना या चाचणीत घेतलेलंच नव्हतं, कारण खराब किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आज 'लो सोडियम' मिठाची पुडी दुकानात मिळते. लकव्याच्या पेशंटला कुणी ती सुचवली, आणि त्याच घरात सासूचं डायलिसिस चालू असेल, तर तेच मीठ तिच्या जिवावर बेतेल.

संशोधनाची कुठलीही बातमी वाचताना दोन गोष्टी बघायची सवय लावून घ्या: अभ्यासात कोण होतं, आणि कोणाला वगळलं होतं. तुम्हाला दिलेल्या कागदावरही 'सहभागाचे निकष' आणि 'वगळण्याचे निकष' असे दोन परिच्छेद असतील. दुसरा आधी वाचा. त्यातली एखादी गोष्ट तुमच्या माणसाला लागू असेल आणि डॉक्टरांना ती ठाऊक नसेल, तर तिथेच सांगा.

ज्याची उत्तरं मिळालेली आहेत

ट्रायलमध्ये जा किंवा जाऊ नका, मागच्या संशोधनातून पक्क्या झालेल्या काही गोष्टी आजच करता येतात. आधी लकव्याच्या पहिल्या तासांबद्दल, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात.

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी समजेनासं झालं, तर घड्याळ बघा. गुठळीमुळे झालेला लकवा असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५मध्ये अमेरिकेत ६२४ पेशंटवर झालेल्या चाचणीतून तीन तासांची मर्यादा ठरली, २००८मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती साडेचारवर नेली. अमेरिकेतल्या त्याच चाचणीत, इंजेक्शन मिळालेल्या शंभरांपैकी सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. न मिळालेल्या शंभरांत असा जेमतेम एक होता. तरीही तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारी माणसं इंजेक्शनच्या गटात जास्त होती. रक्तस्रावाच्या या धोक्यामुळे सीटी स्कॅन काढून, मेंदूत आधीच रक्तस्राव नाही याची खात्री करूनच ते देतात. किडनीचा आजार आहे म्हणून हे इंजेक्शन नाकारलं जात नाही.

घरी करायचं ते एवढंच: माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, १०८ला फोन करा, आणि सीटी स्कॅन असलेला दवाखाना कुठला ते फोनवरच विचारून घ्या. पाणी, चहा, औषध, काहीही तोंडातून देऊ नका. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. अॅस्पिरिनची गोळीसुद्धा नको, कारण लकवा रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरेल. लकव्याचं गावठी औषध देणारी ठिकाणं आपल्या भागात प्रसिद्ध आहेत. लोक श्रद्धेनं जातात, मी त्यांना हिणवणार नाही. पण पहिले पाच तास तिथे घालवले तर ते परत मिळत नाहीत. उमरखेडहून यवतमाळ १०० किलोमीटरपेक्षा जास्त आहे, यवतमाळहून नागपूर सुमारे १५०. निघायला उशीर झाला तर वेळ रस्त्यातच संपते.

त्यानंतर बीपीची गोळी. एकदा लकवा होऊन गेलेल्या ६,१०५ जणांवरच्या चाचणीत, २००१मध्ये, बीपी कमी करणाऱ्या औषधांमुळे पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. ही औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, आणि सरकारी दवाखान्यातून मिळतात. २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात शेजारचा वर्धा जिल्हा पहिल्या टप्प्यात होता. ठरलेली दोन-तीन औषधं, ठरलेल्या क्रमानं, प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच द्यायची आणि पेशंटची नोंद ठेवायची, असं ते काम आहे. 'बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडणारे आपल्याकडे फार आहेत. बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून बरं वाटण्यावर विसंबता येत नाही.

किडनीसाठी दोन तपासण्या पुरेशा आहेत: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून समाधान मानू नका. सत्तरीतल्या बाईचं क्रिएटिनिन १.३ असेल तर रिपोर्टवर ते फारसं वाढलेलं दिसत नाही, पण हिशोब केला तर किडनी निम्म्याहून कमी काम करत असते. ईजीएफआर किती आला, हे विचारून घ्या. लघवीतून प्रथिनं जाऊ लागणं ही शुगरच्या पेशंटमध्ये बरीच आधी मिळणारी सूचना असते, आणि त्या टप्प्यावर औषधं खरंच उपयोगी पडतात. २००१मध्ये लोसार्टानवर झालेल्या चाचणीत शुगरमुळे किडनी बिघडलेल्या १,५१३ जणांमध्ये किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. २०२०मध्ये भारतासह २१ देशांत, ४,३०४ पेशंटवर झालेल्या चाचणीत डॅपाग्लिफ्लोझिननं किडनीचा आजार वाढत जाणं आणि किडनी किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं येणारे मृत्यू एकत्र धरून ३९ टक्क्यांनी कमी केले. त्याच वर्षी भारतात या औषधाचं पेटंट संपलं, अनेक कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत बरीच उतरली. भारतातल्या पेशंटनी त्या चाचणीत भाग घेतला होता, म्हणून आज यवतमाळचा डॉक्टर ते जास्त विश्वासानं लिहून देऊ शकतो. 'आपल्याला कशाला लागतंय संशोधन' म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

सगळ्या चाचण्या यशस्वी होतात असंही नाही. देशातल्या ३१ केंद्रांवर, लकवा झालेल्या ४,२९८ पेशंटना १२ भाषांमधून मोबाइल संदेश, व्हिडिओ आणि माहितीपुस्तिका देण्याचा मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२३मध्ये आले. लोक गोळ्या जास्त नियमित घेऊ लागले, बिडी-दारू कमी झाली, पण पुन्हा लकवा येणं किंवा हार्टअटॅक, मृत्यू यांत फरक दिसला नाही. हे प्रामाणिकपणे छापलं गेलं, म्हणून पुढच्यांना तोच खर्च पुन्हा करावा लागणार नाही. तुम्ही भाग घेतलेला अभ्यास 'अपयशी' ठरला तर तुमचा वेळ वाया गेला असं मानू नका.

सहीच्या आधी

ट्रायल असेल तर बहुतेक वेळा पेशंटचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाईल हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, डॉक्टर ठरवत नाही. तुमच्या माणसाला नवं औषध मिळेलच असं नाही. त्याला नेहमीचा उपचार किंवा औषध नसलेली, हुबेहूब तशीच दिसणारी गोळीही मिळू शकते. 'मोफत चांगलं औषध मिळतंय' एवढ्याच आशेनं सही करू नका. ट्रायल एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असते. त्यातून तुमच्या माणसाला फायदा होऊ शकतो, पण तसं वचन कुणी देऊ शकत नाही. कुणी वचन देत असेल तर तिथेच सावध व्हा.

कायदा आता पुष्कळ पक्का आहे, आणि तो सहजासहजी आलेला नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं औषधचाचण्यांतल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, २०१३मध्ये न्यायालयानं सरकारचे कान टोचले आणि नियम कडक होत गेले. आज 'नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. प्रत्येक ट्रायलला नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते. या समितीत किमान सात जण असतात, आणि त्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. शिवाय ट्रायलची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. औषधचाचण्यांना हे १५ जून २००९पासून बंधनकारक आहे. कागदावर सीटीआरआयचा क्रमांक नसेल तर विचारा. तो घरातल्या शिकलेल्या पोरानं मोबाइलवर शोधला तर कोण चाचणी करतंय, पैसा कोणाचा, किती पेशंट घ्यायचे, सगळं दिसतं. नोंदवही सर्वांसाठी खुली आहे.

पैशाचं स्पष्ट विचारा, त्यात लाज नाही. संशोधनासाठी लागणाऱ्या जादा तपासण्यांचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत, आणि तो खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या तुमच्या रकमेतूनही जाता कामा नये. तपासणीसाठी किती वेळा यावं लागेल? भाडं कोण देणार? हंगामात रोजी बुडते त्याचं काय? वणीच्या माणसाला नागपूरच्या दहा चकरा पडणार असतील, किंवा दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला जाणार असेल, तर ते सही करण्याआधीच सांगा. मध्येच गायब होण्यापेक्षा आधी नकार दिलेला बरा. त्यानं तुमचंही भलं होतं, अभ्यासाचंही.

ट्रायलमुळे इजा झाली तर तिच्यावरचा उपचार मोफत करावा लागतो. इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत तो थांबवता येत नाही. चाचणीमुळे अपंगत्व किंवा मृत्यू आला तर भरपाईची तरतूद आहे आणि ती ठरवण्याचं सूत्र नियमांतच दिलेलं आहे. कागदावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवाचा फोन नंबर असतो. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती घेतल्याशिवाय उठू नका.

रक्ताचे नमुने किती घेणार, किती वर्षं ठेवणार, परदेशात पाठवणार का, पुढे दुसऱ्या कुठल्या अभ्यासाला वापरणार का, हेही विचारा. किडनीच्या पेशंटचं रक्त आधीच कमी असतं, त्यामुळे दर महिन्याला किती मिलिलिटर काढणार हा प्रश्न त्याच्यासाठी महत्त्वाचा आहे.

भाषेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात ही अडचण रोजची आहे. संमतीपत्र पेशंटला समजेल अशा भाषेत असावं लागतं. मराठीत छापलं की काम झालं असं बऱ्याच ठिकाणी धरतात. पण तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, पोडावरचा कोलाम कोलामी बोलतो, कुणाच्या घरात गोंडी चालते. अशा माणसाला कागद वाचून दाखवला तरी तो 'हो' म्हणेल, कारण दवाखान्यात 'हो'च म्हणायचं असतं अशी त्याची समजूत असते. तुम्ही नातेवाईक असाल तर त्याच्या भाषेत सांगा आणि मग त्याच्याच तोंडून वदवून घ्या: गोळी कुठली, किती दिवस, नको वाटली तर काय करायचं? सांगता आलं नाही तर सही लांबवा. वाचता न येणाऱ्या माणसासाठी एक निष्पक्ष साक्षीदार हवा असतो, तो संशोधन करणाऱ्यांपैकी नसावा. तो सगळं बोलणं ऐकतो आणि स्वतः सही करतो. आशाताई किंवा गावातले शिक्षक सोबत आले असतील तर त्यांना हे काम सांगता येईल.

लकव्यात आणखी एक पेच असतो. पेशंट बोलू शकत नाही, कधी शुद्धीवर नसतो, आणि पहिल्या तासांत करायच्या ट्रायलला दहा मिनिटांत उत्तर हवं असतं. अशा वेळी कायद्यानं मान्य असलेला जवळचा नातेवाईक त्याच्या वतीनं संमती देतो. दहा पानं वाचायला वेळ नसेल तर तीनच गोष्टी विचारा: नेहमीचा उपचार लांबणार किंवा थांबणार आहे का? जादा धोका कोणता? 'नाही' म्हटलं तर उपचार असाच चालू राहील ना? पेशंटला पुढे समज आली की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची असते. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करून द्या, कारण शरीर त्याचं आहे.

भाग घेतल्यावर

एक जाड फाईल करा. पहिल्या पानावर पेशंटचे आजार आणि चालू औषधं, त्यामागे क्रिएटिनिन आणि लघवीचे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं, मग बीपीची वही. ट्रायलचा कागद सर्वांत वर ठेवा, म्हणजे पेशंटला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला तो पहिल्यांदा दिसेल. त्याला माहीत नसेल तर तो त्याच जातीचं दुसरं औषध लिहून देईल. ट्रायलच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या बीपीवाल्याला देऊ नका, आणि उरलेल्या गोळ्या फेकूही नका; त्या मोजून परत घ्यायच्या असतात. गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून 'रोज घेतली' म्हटलं तर निष्कर्ष खोटा येतो, आणि तो खोटा आकडा पुढे हजारो पेशंटच्या उपचारात वापरला जातो.

उलटी, जुलाब, अंगावर सूज, लघवी कमी होणं, चक्कर, असं काही झालं तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. जुलाब-उलटीत किडनीची आणि बीपीची काही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात. ती कुठली, हे आधीच लिहून घ्या.

नको वाटलं तर कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. बाहेर पडताना दोन गोष्टी विचारा: चालू असलेलं औषध एकदम थांबवायचं की हळूहळू, आणि आधी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांचं काय होणार. अभ्यास संपला की निष्कर्ष काय आला, हे मराठीत सांगा, अशी मागणी करा. आणि संमतीबद्दल, पैशाबद्दल किंवा इजेच्या उपचाराबद्दल तक्रार असेल तर ती आधी त्या संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या सचिवाकडे लेखी द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर दिल्लीतल्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे अर्ज करता येतो. अर्जाला संमतीपत्राची तुमच्याकडची प्रत जोडा आणि सीटीआरआय क्रमांक लिहा.